धामणखेडवर हरवलेली शक्ती

आमच्या संस्थेच्या लहान विमानाच्या इंजिनाची शक्ती धामणखेडच्या आकाशात हरवली आणि ती खाली अनसूयाबाई शिरगिरे यांना सापडली. विमान हरवलं नव्हतं. इंजिनही जागेवर होतं. फक्त शक्ती गेली होती. आमची संस्था विमान चालवायला शिकवते आणि मी तिचा प्रशासकीय अधिकारी आहे. त्यामुळे हे प्रकरण माझ्या टेबलावर आलं आणि शेवटपर्यंत माझ्याकडेच राहिलं.

विमानात त्या दिवशी ऋतुजा डफळे एकटीच होती. ती बार्शीची. वडील नाहीत, आई बाजार समितीच्या मागच्या गल्लीत खाणावळ चालवते. परवान्यासाठी लागणारं उड्डाण तिचं बहुतेक पूर्ण झालं होतं. डिसेंबरातली स्वच्छ सकाळ होती. वारा नव्हता, ढग नव्हते. धामणखेडच्या बाहेर पाण्याची उंच टाकी आहे, ती आमची मुलं वरून खूण म्हणून धरतात. टाकीवरून वळण घ्यायचं आणि परत यायचं, एवढंच तिला करायचं होतं.

"आवाज बंद पडला नाही, सर," ती नंतर मला म्हणाली. "आवाज चालूच होता. पण त्यात जोर नव्हता. माणूस मनात नसताना 'हो, हो' म्हणतो ना, तसा."

मग तिने शिकवलेलं सगळं केलं. नाक थोडं खाली घेतलं, वेग सांभाळला, इंधनाच्या टाक्या बदलून पाहिल्या, कळा दाबून पाहिल्या, वायरलेसवर स्थळ सांगितलं. विमान खाली येत राहिलं. उडीद काढून मोकळं पडलेलं एक रान तिने हेरलं आणि त्यात विमान उतरवलं. बांधावर चरणाऱ्या दोन शेळ्या बिथरल्या, बाकी काही झालं नाही. विमानाला ओरखडासुद्धा नव्हता. आम्ही पोचलो तेव्हा ती पंखाच्या सावलीत बसली होती आणि रानाचे मालक तिला तांब्यातून पाणी देत होते.

विमान ट्रॅक्टरला बांधून आणलं. आमचे इंजिनिअर इंगवले यांनी इंजिन सुटं केलं, पुसलं, पुन्हा जोडलं. ठिणगी नीट होती, इंधन नीट होतं, तेल नीट होतं. इंजिन लगेच सुरू झालं. पंखा छान फिरायला लागला, पण विमान हलेना. पंख्यासमोर उभं राहिल्यावर केससुद्धा उडत नव्हते. इंगवल्यांनी इंजिन बंद केलं आणि हात पुसत ते माझ्या खोलीत आले.

"बिघाड नाही," ते म्हणाले. "बिघाड असता तर मी दुरुस्त केला असता. हे हरवलंय. एकशे दहा घोड्यांची शक्ती, सगळीच्या सगळी."

हरवलेल्या शक्तीबाबतचे नियम स्पष्ट आहेत. ज्या वैमानिकाच्या हातून शक्ती हरवली त्यानेच ती ज्याला सापडली त्याच्याकडे समक्ष जावं आणि तोंडी, स्पष्ट शब्दांत मागावी. सोबत संस्थेचा एक माणूस हवा. बळजबरी करायची नाही. शक्ती ज्याच्याकडे आहे त्याच्यावर बळजबरी कोण करणार, हे नियम करणाऱ्यांनाही कळत असावं, पण त्यांनी ते लिहिलं आहे. महिनाअखेरपर्यंत मागितली नाही तर शक्ती सापडणाऱ्याची होते. आणि ज्याने हरवली त्याला पुन्हा कुठल्याही इंजिनाला हात लावता येत नाही.

म्हणून आठवड्याभराने ऋतुजा आणि मी संस्थेच्या जीपने धामणखेडला गेलो.

शोधाशोध करावी लागली नाही. ग्रामपंचायतीच्या ओट्यावर ग्रामसेवक वाघचौरे बसले होते. मी ओळख सांगितली आणि कशासाठी आलो ते सांगितलं.

"शक्ती होय? ती शिरगिरेंच्या अनसूयाबाईंकडं आहे," ते म्हणाले. "सगळ्या गावाला ठाऊक आहे. आता नदीवर गेल्यात दोघं. येतील एवढ्यात."

थोड्या वेळाने नदीच्या वाटेने अनसूयाबाई आल्या. पन्नाशी ओलांडलेल्या, किडकिडीत, कपाळावर मोठं कुंकू. त्यांच्या पाठीवर त्यांचा नवरा होता. दिगंबर शिरगिरे चांगले उंचेपुरे, रुंद खांद्यांचे गृहस्थ. त्यांचे पाय खाली लोंबत होते आणि जवळजवळ जमिनीला लागत होते. अनसूयाबाईंनी एका हाताने त्यांना धरलं होतं आणि दुसऱ्या हातात धुण्याची बादली होती. चढ चढूनही त्यांना धाप लागली नव्हती. दिगंबररावांचे केस ओले होते, आणि ते डावीकडे उजवीकडे, घरांकडे, झाडांकडे, माणसांकडे असे बघत होते की जणू गावाची वरात निघाली आहे.

ओट्यावरच्या कुणी वर मान करून पाहिलं नाही. गावाला सवय झाली होती.

दिगंबरराव वीज मंडळात लाइनमन होते. सहा वर्षांपूर्वी वादळानंतर तार जोडायला खांबावर चढले आणि खाली पडले. कमरेपासून खालचं अंग गेलं. तेव्हापासून ते खोलीत खाटेवर होते. मूल नव्हतं. एक भाऊ पुण्याला असतो, तो दिवाळीला येतो. त्यांना वळवायचं, उठवायचं, पुसायचं, सगळं अनसूयाबाईंनीच केलं.

आम्ही त्यांच्या अंगणात बसलो. अनसूयाबाईंनी नवऱ्याला खाटेवर ठेवलं आणि चहा केला. आम्ही चहा पीत असताना ऊन सरकलं आणि दिगंबररावांच्या तोंडावर आलं. अनसूयाबाईंनी आपली बशी उजव्या हातात घेतली, डाव्या हाताने खाटेची कड धरली, माणसासकट खाट उचलली आणि लिंबाच्या सावलीत नेऊन ठेवली. बशीतला चहा हिंदकळला नाही.

"मावशी, तुम्हाला ती कधी सापडली?" ऋतुजाने विचारलं.

"सकाळची येळ होती. यांना कुशीवर वळवायचं हुतं. पाठीला जखमा हुत्यात न्हवं पडून पडून, म्हणून दर थोड्या येळानं वळवावं लागतं. वर इमान आलं. मी खाटेला गुडघा टेकवला, दात खाल्लं, आन् रोजच्यासारखा जोर लावला. तर हे निम्मं वर उचललं गेलं. भिंतीवर आदळलं असतं."

"मी म्हटलं, आता ही मला बाहेर फेकती," दिगंबरराव खाटेवरून म्हणाले. "इतक्या वर्षांचा राग निघाला म्हटलं."

"राग न्हाई. मला वाटलं तुमचंच वजन गेलं. म्हटलं, मेलं का काय."

मग त्यांनी सांगितलं कुठे कुठे जाऊन आले ते. पहिल्या दिवशी नुसते अंगणात. मग नदीवर. मग बाजारला, तिथे भजी खाल्ली. दिगंबररावांची धाकटी बहीण करमाळ्याकडे दिली आहे, तिचं आजारपण चालू होतं. तिला भेटायला अनसूयाबाई नवऱ्याला पाठीवर घेऊन चालत गेल्या आणि दुसऱ्या दिवशी चालत आल्या. वीज उपकेंद्रावरही गेले. तिथे जुने दोघे होते, बाकी सगळे नवे. दिगंबररावांनी पाठीवरूनच सगळी उपकरणं पाहिली आणि एक गोष्ट चुकीची लावली आहे असं म्हणाले. नव्या साहेबाने ती तशीच बरोबर असल्याचं दाखवून दिलं. परत येताना ते गप्प होते, असं अनसूयाबाई म्हणाल्या.

"एवढं समदं बदललं," दिगंबरराव म्हणाले. "मी पत्र्याकडं बघत पडलो हुतो तवर."

मी ऋतुजाकडे पाहिलं. आता विचारायची वेळ होती. वाक्य सोपं होतं. येताना जीपमध्ये मी ते तिच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं होतं. ती कप हातात घेऊन बसून राहिली. मग तिने कप खाली ठेवला, "चहा छान झाला होता, मावशी," असं म्हणाली आणि उठली.

जीप गावाबाहेर पडल्यावर मी विचारलं.

"का विचारलं नाहीस?"

"सर, त्यांनी खाट उचलून सावलीत ठेवली."

"मी पाहिलं."

"मग काय विचारणार, सर."

मी संस्थेत येऊन अहवालात लिहिलं, "भेट झाली. मागणी झाली नाही." याहून वेगळं लिहिता आलं नसतं.

नंतरचे दिवस वाईट गेले. संस्थेकडे दोनच विमानं. एक हँगरमध्ये शक्तीविना उभं, आणि दुसऱ्यासाठी मुलांची रांग. कुणी ऋतुजाला बोललं नाही, पण जेवायला ती उशिरा यायची. दुसऱ्या विमानाजवळ गेली तर इंगवले हलकेच मध्ये उभे राहायचे. त्यांचा नाइलाज होता; शक्ती परत येईपर्यंत तिला दुसरं विमान देता येत नव्हतं. एकदा मी तिला हँगरमध्ये पाहिलं. ती आपल्या विमानाच्या पंख्याला दोन्ही हातांनी धरून उभी होती, जनावर आजारी पडल्यावर माणूस त्याच्या मानेशी उभा राहतो तशी.

आमचे मुख्य प्रशिक्षक कॅप्टन बोपर्डीकर यांनी तिला माझ्या खोलीतच बोलावलं.

"आईला कळवलंस?" त्यांनी विचारलं.

"नाही, सर. तिला वाटतंय परीक्षा पुढच्या महिन्यात आहे."

"तू उतरवलंस ते विमान फार चांगलं उतरवलंस. ते मला आधीच सांगायचं होतं." मग ते म्हणाले, "माग, असं मी म्हणणार नाही. ते तुझं तूच ठरवायचं. पण न मागता थांबलीस तर ठरवल्यासारखं होणार नाही. महिना संपला म्हणून झालं, असं होईल. आणि ते पुढे जन्मभर टोचतं."

ऋतुजाने मान हलवली. महिना संपत आला होता. दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा धामणखेडला गेलो.

अनसूयाबाई आत चुलीपाशी भाकऱ्या थापत होत्या. दिगंबरराव अंगणात खाटेवर उशीला टेकून बसले होते. त्यांनी ऋतुजाला जवळ बसायला सांगितलं.

"तवा विचारायचं राहिलं," ते म्हणाले. "पावर गेली तवा तुला काय ऐकू आलं?"

"वारा, काका. इंजिनाच्या आवाजात तो एरवी ऐकू येत नाही. आणि मग खालचं सगळं. कुत्रं भुंकत होतं. कुणीतरी कुणाला तरी हाक मारत होतं."

"खाली यायला लई येळ लागला?"

"बराच. सगळं करून झालं तरी वेळ उरला होता."

"मला उरला न्हाई," दिगंबरराव म्हणाले. "वर हुतो, मग खाली हुतो. मधलं काही आठवतच न्हाई. तुला मधलं मिळालं, बरं झालं." थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "तू ती मागाय आलीस न्हवं? त्या दिवशी बी त्यासाठीच आली हुतीस."

ऋतुजाने माझ्याकडे पाहिलं.

"माग की मग. हे साहेब कशाला आलेत? तुझ्या तोंडनं ऐकायलाच आलेत ना? अगं ए, जरा बाहेर ये."

अनसूयाबाई हाताचं पीठ झाडत बाहेर आल्या. ऋतुजा उठून उभी राहिली. जीपमध्ये मी म्हणवून घेतलेलं वाक्य तिने सगळं म्हटलं.

"मावशी, आमच्या इंजिनाची शक्ती माझ्याकडून इथे हरवली. ती तुम्हाला सापडली आहे. ती मला परत द्याल का?"

मी वेळ टिपून घेतली, तसा नियम आहे.

अनसूयाबाईंच्या आधी दिगंबररावच बोलले.

"देऊन टाक. गेलेली लाइन जिथली तिथं जोडायची, जन्मभर तेच केलं मी. दुसऱ्याच्या लाइनीवर आकडा टाकून बसायचं आपल्याला बरं दिसत न्हाई."

"तुमी नका सांगू," अनसूयाबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "तुमाला वळवलं जातं. वळवती मी. सहा वरसं इंचा-इंचानं सरकवलं तुमाला. माझी कंबर कशी दुखती ते कुणी इचारलं? रात्री तुमाला झोप लागली का मी भिंतीला पाठ घासत बसायची. आता कुठं दुखायचं थांबलंय. ही मला सापडली. द्यायची का न्हाई ते मी सांगीन."

"बरं," दिगंबरराव म्हणाले.

"आन् तू." त्या ऋतुजाकडे वळल्या. "तुला न्हाई मिळाली तर?"

"मग मी विमान चालवणार नाही, मावशी. आईच्या खाणावळीत काम करीन. तेही मला येतं."

"आई काय म्हणंल?"

"ती काही म्हणणार नाही. तेच वाईट आहे."

तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला तेव्हा अनसूयाबाई आत गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांनी डोक्यावरचा पदर कमरेला खोचलेला होता.

"चला," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "टाकीवर जाऊन येऊ."

"कशाला?"

"खांबावरनं गाव कसं दिसतं ते सांगायचा तुमी जेवताना. मी कवा बघितलं न्हाई. तुमाला बी लई दिस झालं."

पाण्याच्या टाकीखाली वाघचौरे आडवे आले. टाकीवर परवानगीशिवाय चढायला मनाई आहे, असं त्यांनी सांगितलं, आणि परवानगी एका वेळी एकाच माणसाची देता येते. अनसूयाबाई म्हणाल्या की चढणारी एकच आहे. दुसऱ्याचे पाय शिडीला लागणार नाहीत. वाघचौऱ्यांनी यावर विचार केला. दिगंबररावांच्या लोंबत्या पायांकडे त्यांनी पाहिलं, आणि एका माणसाची परवानगी दिली.

लोखंडी शिडी सरळ उभी, खूप उंच. अनसूयाबाईंनी नवऱ्याला एका जुन्या लुगड्याने पाठीशी घट्ट बांधलं आणि चढायला सुरुवात केली. अर्ध्यावर दिगंबररावांनी डोळे मिटून घेतले असावेत, कारण अनसूयाबाईंचा आवाज खाली ऐकू आला, "उघडा डोळं. मी हाय की." मग त्या वर पोचल्या. वरच्या कठड्याशी दोघं शेजारी शेजारी बसली. दिगंबररावांचा हात एकसारखा इकडे तिकडे बोट दाखवत होता. त्यांचं बोलणं आमच्यापर्यंत येत नव्हतं. नंतर हातही थांबला आणि दोघं नुसती बसून राहिली. आम्ही खाली उभे होतो. ऋतुजाने एकदाही वर पाहिलं नाही.

ऊन उतरल्यावर ती दोघं खाली आली.

"उद्या सकाळी घेऊन येती," अनसूयाबाई ऋतुजाला म्हणाल्या. "गाडी पाठवू नका. चालत येऊ. चालायला मिळतंय तर."

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकावरच्या पहारेकऱ्याने कळवलं की एक बाई एका माणसाला घेऊन आली आहे. दोघं स्वच्छ कपड्यांत होती. दिगंबररावांनी टोपी घातली होती. अनसूयाबाईंनी त्यांना हँगरमधल्या बाकावर बसवलं, त्यांची टोपी सरळ केली, आणि विमानाजवळ आल्या.

"कुठं ठिवायची?"

इंगवल्यांनी इंजिनाचं झाकण उघडून दिलं. अनसूयाबाईंनी दोन्ही हात इंजिनावर ठेवले. काही झाल्यासारखं दिसलं नाही. त्या तशाच उभ्या राहिल्या, मग त्यांचे खांदे थोडे खाली आले, आणि त्यांनी एक हात उचलून कमरेवर ठेवला.

"झालं," त्या म्हणाल्या.

विमान बाहेर काढलं. कॅप्टन बोपर्डीकरांनी स्वतः इंजिन सुरू केलं. पंख्याचा वारा हँगरच्या आतपर्यंत आला. मुलांचे शर्ट फडफडले, बाकाखालचा पाला उडाला, दिगंबररावांनी टोपी हाताने धरली. विमान ब्रेकवर थरथरत उभं राहिलं. इंगवल्यांनी काटे पाहिले आणि शक्ती पूर्ण परत आल्याचा निर्वाळा दिला. काही मुलांनी टाळ्या वाजवल्या, पण बाकीच्यांनी वाजवल्या नाहीत म्हणून त्या लवकर थांबल्या.

"चला आता," अनसूयाबाई बाकाजवळ जाऊन म्हणाल्या. त्यांनी वाकून दिगंबररावांच्या काखेत हात घातले आणि त्यांना उचलायला गेल्या. ते उचलले गेले नाहीत. अनसूयाबाईंनी पाय रोवले, पुन्हा जोर लावला. दिगंबरराव बाकावर थोडेसे सरकले, एवढंच.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले.

"सवय झाली हुती," अनसूयाबाई म्हणाल्या, आणि हात काढून घेतले.

आम्ही चौघांनी मिळून त्यांना जीपमध्ये ठेवलं. इंगवल्यांनी आणि मी खांदे धरले, कॅप्टन बोपर्डीकरांनी कंबर सांभाळली, ऋतुजाने पाय धरले. ते बरेच जड होते. मला दिवसभर पाठीत उसण भरल्यासारखं वाटत राहिलं. अनसूयाबाई जीपमध्ये त्यांच्या शेजारी बसल्या. ऋतुजा खिडकीशी उभी राहिली.

"मावशी, मी येत जाईन. सुट्टीच्या दिवशी. वळवायला मदत करीन."

"ये की. पर वळवणं सुट्टीच्या दिवशीचं नसतं गं. रोजचं असतं." मग त्यांनी हात बाहेर काढून तिच्या गालावर ठेवला. "नीट चालव."

ऋतुजाने उरलेलं उड्डाण पूर्ण केलं, परीक्षा दिली, चांगल्या गुणांनी परवाना मिळवला. आई पेढे घेऊन संस्थेत आली होती. ऋतुजा शब्दाप्रमाणे काही रविवार धामणखेडला जाऊन आली. नंतर एका कंपनीतून बोलावणं आलं आणि जायची तारीख ठरली. जायच्या आधी ती माझ्या खोलीत आली.

"सर, एक उड्डाण हवंय. तेच विमान. धामणखेडवरून."

"परवाना मिळाला तुला. आता कशासाठी?"

"तिथे शक्ती हरवते का बघते."

मी तिला नियम समजावून सांगितला. शक्ती हरवते, तेव्हा ती हरवलेली असते. जाणूनबुजून सोडली तर ते टाकून देणं होतं, आणि टाकलेली शक्ती कुणालाही सापडत नाही, ती नुसती जाते.

"मी सोडणार नाही," ती म्हणाली. "इंजिन पूर्ण चालू ठेवीन. फक्त तिथे फिरेन. हरवली तर हरवली."

"आणि तुझी नोकरी? ज्याच्या हातून दोनदा हरवते..."

"माहीत आहे, सर."

मी कारणाच्या रकान्यात 'सराव' असं लिहिलं आणि सही केली.

ती सकाळी गेली. त्याच वेळी, तितक्याच उंचीवर. टाकीभोवती तिने पुन्हा पुन्हा वळणं घेतली. आम्ही वायरलेसजवळ बसून होतो. कॅप्टन बोपर्डीकर मध्येच आले, खुर्ची ओढून बसले. इंधन संपत आलं तेव्हा ती परतली. विमान जागेवर लावलं, इंजिन बंद केलं आणि बराच वेळ आतच बसून राहिली. मग इंगवले जवळ गेले.

"कसं चाललं?" त्यांनी विचारलं.

"नीट," ऋतुजा म्हणाली. "एकदाही अडखळलं नाही." आणि तिने तोंड वळवलं.

संध्याकाळच्या गाडीने ती गेली. आता ती मोठी विमानं चालवते. दोन इंजिनांची. कधीतरी फोन करते, आणि धामणखेडला कुणी जाऊन आलं का विचारते.

नव्या तुकडीचा सरावाचा मार्ग आखायचं काम माझ्याकडे आलं तेव्हा मी तो धामणखेडवरून आखला. दुसऱ्या बाजूने जवळ पडतं, हे कॅप्टन बोपर्डीकरांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. त्यांनी नकाशा पाहिला, टाकीच्या खुणेवर बोट ठेवलं आणि मंजुरी दिली. इंगवले त्या इंजिनाची फार निगा राखतात, ते त्यांचं कामच आहे. पण विमान त्या बाजूला निघालं की ते हँगरच्या दारात येऊन उभे राहतात, आणि ते नीट परत आलेलं दिसलं की आत जातात.

ग्रामसेवक वाघचौरे परवा तालुक्याला भेटले. विमानाचा आवाज आला की अनसूयाबाई हातातलं काम ठेवून अंगणात येतात, असं ते म्हणाले. दोन्ही हात थोडे पुढे धरून उभ्या राहतात. दिगंबरराव आतून विचारतात, "गेलं का?" त्या "गेलं" म्हणतात, आणि त्यांना कुशीवर वळवायला आत जातात.